बेलर विद्यापीठ : अर्ज भरण्याआधी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी वाचावे असे

अमेरिकेतल्या विद्यापीठांची यादी घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहींच्या कागदावर टेक्सासमधल्या बेलरचे नाव असते. रँकिंग, फी, स्कॉलरशिप ही माहिती घरात आधीच काढून झालेली असते. हे खासगी बॅप्टिस्ट विद्यापीठ आहे, हे मात्र बरेचदा शेवटी लक्षात येते आणि मग एकच प्रश्न येतो : तिथे मुलांना धर्म बदलायला लावतात का?

नाही. प्रवेशासाठी धर्माची अट नाही. पण बेलरमधला धर्म नावापुरताही नाही. तो अभ्यासक्रमात आहे, वसतिगृहाच्या नियमांत आहे, प्राध्यापकांच्या निवडीतही आहे. हे समजून तिथे जाणारी मुले रमतात असे आमचे मत आहे, म्हणून हे पत्रक.

बॅप्टिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणे त्यांना मान्य नाही. माणसाने कळत्या वयात, स्वतःहून श्रद्धा स्वीकारावी आणि मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यावा, असे ते मानतात. वर पोप नाही, बिशप नाही. प्रत्येक गावची मंडळी, म्हणजे तिथले चर्च, आपला कारभार आपण पाहते. मराठी माणसाला हा पंथ अगदीच परका नाही. बंगालमधल्या सेरामपूरहून 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी कोश छापणारा विल्यम केरी हा बॅप्टिस्ट मिशनरीच होता. वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीने झालेले ते काम मराठी छपाईच्या इतिहासात आजही पहिल्या पानावर असते.

विद्यापीठ राज्याहून जुने

बेलरची सनद 1 फेब्रुवारी 1845 ची आहे. तेव्हा टेक्सास अमेरिकेचा भाग नव्हता, स्वतंत्र प्रजासत्ताक होता. तो अमेरिकेत सामील झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. जेम्स हकिन्स आणि विल्यम ट्रायन हे धर्मोपदेशक आणि न्यायाधीश आर. ई. बी. बेलर या तिघांनी पुढाकार घेतला, आणि नाव न्यायाधीशांचे दिले गेले. सुरुवात झाली इंडिपेन्डन्स नावाच्या लहानशा गावात. पुढे रेल्वेने त्या गावाला वळसा घातला आणि गाव ओसरत गेले. 1886 मध्ये बेलर वेको शहरातल्या वेको विद्यापीठात विलीन होऊन तिथेच स्थिरावले. मुलींचे कॉलेज त्याच वर्षी बेल्टनला गेले. तेच आजचे मेरी हार्डिन-बेलर विद्यापीठ. इंडिपेन्डन्समध्ये जुन्या इमारतीचे चार दगडी खांब अजून उभे आहेत.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1845 मध्येच अमेरिकेतले दक्षिणेकडचे बॅप्टिस्ट गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तरेकडच्यांपासून वेगळे झाले, आणि स्वतः न्यायाधीश बेलर गुलामांचे मालक होते. कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचा ठराव विश्वस्तांनी केला तो 1963 मध्ये. पहिले दोन कृष्णवर्णीय पदवीधर बाहेर पडले 1967 मध्ये. 2020 पासून विद्यापीठाने आपल्या आवारातले पुतळे आणि नावे यांचा इतिहास स्वतः तपासायला घेतला. उशीर फार झाला, पण काम प्रामाणिक आहे असे आम्हाला वाटते.

1990 मध्ये एक मोठा बदल झाला. तोवर सगळे विश्वस्त टेक्सासच्या बॅप्टिस्ट महासभेकडून निवडले जात. त्या काळात दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांमध्ये कट्टर आणि मवाळ असे दोन गट पडले होते. विद्यापीठ कट्टर गटाच्या ताब्यात जाईल, या भीतीने अध्यक्ष हर्बर्ट रेनॉल्ड्स आणि विश्वस्तांनी सनद बदलली आणि महासभेचा वाटा एक चतुर्थांशावर आणला. बॅप्टिस्ट ओळख ठेवून विज्ञान आणि संशोधन मोकळेपणाने चालवायचे, ही आजची बेलरची वाट तिथून सुरू होते. 2021 च्या अखेरीस त्याला संशोधनाच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे आर-वन गटात स्थान मिळाले.

रोजच्या आयुष्यात याचा अर्थ काय

पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन सेमिस्टर चॅपल करावे लागते : गाणी, प्रार्थना, एखाद्या पाहुण्याचे भाषण. तिथे हजेरी लागते आणि ती भरली नाही तर पदवी अडून राहते. शिवाय बायबल आणि ख्रिस्ती परंपरा यांवरचे दोन कोर्स सर्वांना सक्तीचे असतात. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यालाही ते चुकत नाहीत. या कोर्समध्ये श्रद्धा तपासत नाहीत, वाचन आणि लिखाण तपासतात. मास्टर्सला जाणाऱ्यांना चॅपलची सक्ती नाही. वसतिगृहात दारूला बंदी आहे, आणि मुलांच्या खोलीत मुलींनी किंवा मुलींच्या खोलीत मुलांनी जायच्या वेळा ठरलेल्या आहेत. आवारात नाचायला तर 1996 पर्यंत परवानगी नव्हती!

पण हे वाचून आश्रमाचे चित्र डोळ्यांपुढे आणू नका. दर मंगळवारी दुपारी तीन वाजता स्टुडंट युनियनच्या दिवाणखान्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक एकत्र जमतात. प्रत्येकाच्या हातात डॉक्टर पेपर या शीतपेयाचा ग्लास, त्यात व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. हे पेय 1885 मध्ये वेकोतल्याच एका औषधाच्या दुकानात जन्मले, म्हणून त्याचा तिथे एवढा मान. नव्या गावात ओळखी व्हायला याहून सोपी जागा नाही. अस्वल हे विद्यापीठाचे मानचिन्ह, आणि आवारात खरीखुरी काळी अस्वले पाळलेली आहेत. त्यांच्या नावाआधी ‘जज’ लावतात, न्यायाधीश बेलरांच्या आठवणीसाठी. साहित्याची आवड असेल तर आर्मस्ट्राँग ब्राउनिंग ग्रंथालय बघाच. रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्राउनिंग या इंग्रज कवी दांपत्याच्या हस्तलिखितांचा आणि पुस्तकांचा जगातला सर्वात मोठा संग्रह टेक्सासच्या मध्यभागी, रंगीत काचांच्या खिडक्यांखाली आहे.

मुलगी पाठवणाऱ्या पालकांना एक गोष्ट आम्ही न विचारता सांगतो. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठाने नीट हाताळल्या नाहीत, असे बाहेरच्या चौकशीत दिसून आल्यावर 2016 मध्ये फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाला काढले गेले आणि अध्यक्षांनाही पद सोडावे लागले. त्यानंतर तक्रारींची व्यवस्था नव्याने उभारली गेली. 2017 पासून लिंडा लिव्हिंगस्टोन अध्यक्ष आहेत, या पदावरच्या पहिल्या महिला. तरीही तक्रार कुठे आणि कशी करायची, हे मुलीने जाण्यापूर्वीच विद्यापीठाला मेल करून विचारून ठेवावे.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. ह्यूस्टनचे बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन 1969 पासून स्वतंत्र आहे. वेकोत प्रवेश मिळाला म्हणजे तिथला रस्ता मोकळा झाला, असे नाही. वेको डॅलस आणि ऑस्टिन यांच्या मधोमध, ब्रेझोस नदीकाठी आहे. दोन्हीकडून गाडीने साधारण दीड तास. उन्हाळा विदर्भाची आठवण करून देणारा. पदवीची वार्षिक फी पन्नास हजार डॉलरच्या वर आहे, राहणे-जेवण वेगळे. त्यामुळे स्कॉलरशिपचे पत्र हातात येण्याआधी होकार देऊ नका.

चर्चेला येताना मुलाला किंवा मुलीला सोबत आणा. चॅपल आणि ते दोन कोर्स चालतील का, हे आम्ही त्यांनाच विचारतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आला असेल तर तोही बरोबर असू द्या.