'रिफ्यूज्ड' की 'टाइम्ड आऊट'? टिकेट टाकण्याआधी एवढं बघा

रात्री रिलीज झालं की सकाळी महापेच्या आमच्या ऑफिसात पहिलं टिकेट, म्हणजे बिघाडाची लेखी तक्रार, येतं, त्यात बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: "सर्व्हर कनेक्ट होत नाही, अर्जंट." या एका ओळीत दोन अगदी वेगळे आजार दडलेले असतात. कुणाच्या स्क्रीनवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलेलं असतं, तर कुणाच्या 'कनेक्शन टाइम्ड आऊट'. टिकेट टाकणाऱ्याला दोन्ही सारखेच, कारण पान उघडत नाही ते नाहीच. दुरुस्त करणाऱ्याला मात्र दोन्हींत शोध वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो. हा फरक वेळेवर ध्यानात आला असता तर आमच्या टीमचा एक अख्खा शनिवार वाचला असता.

टीसीपीत, म्हणजे दोन मशीन ज्या नियमांनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतात त्यात, बोलणं सुरू करायची रीत ठरलेली आहे. १९८१ च्या आरएफसी ७९३ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजामध्ये ती लिहिली गेली. २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने त्याची जागा घेतली, पण हा भाग तसाच राहिला. क्लायंट, म्हणजे विचारणारं मशीन, 'सिन' नावाचं छोटं पॅकेट पाठवतो, सर्व्हर 'सिन-ॲक' देतो, क्लायंट 'ॲक' म्हणतो आणि कनेक्शन जुळतं. ज्या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारावर) सिन आला तिथे कोणी ऐकतच नसेल, तर सर्व्हरचा केर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लगेच 'रिसेट' पाठवून मोकळा होतो. स्क्रीनवरचं 'रिफ्यूज्ड' ते हेच. आपण बेल वाजवली, दार उघडलं आणि आतल्या माणसाने सांगितलं, "ते इथे राहत नाहीत." काम झालं नाही, पण बिल्डिंग आहे, घरात माणूस आहे आणि आपण दारापर्यंत पोचलो, हे तीन प्रश्न तरी सुटले. टाइम्ड आऊटमध्ये आपण बेल वाजवत राहतो आणि आतून हूं की चूं नाही. घरी कोणी नाही, बेल बिघडली आहे, की आपणच चुकीच्या विंगमध्ये चढलो, यातलं काहीच कळत नाही.

म्हणून मी टिकेट टाकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारते तो वेळेचा. एरर यायला किती वेळ लागला? रिफ्यूज्ड लिनक्सवर एंटर दाबताक्षणी येतं. विंडोज नकार मिळाल्यावरही पुन्हा प्रयत्न करून बघते, त्यामुळे तिथे एक-दोन सेकंद जातात. टाइम्ड आऊटला मात्र दम धरावा लागतो. लिनक्स उत्तर आलं नाही तर सिन आणखी सहा वेळा पाठवतो, आणि दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत जातो. पूर्वापार हिशेब असा: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, बेरीज १२७ सेकंद. ॲप्लिकेशनमध्ये कोणी स्वतःचा टाइमआऊट ठेवला असेल तर तो आधीच संपतो. जावात हे एररच्या नावातच दिसतं. 'सॉकेट टाइमआऊट एक्सेप्शन' आलं तर कोडमध्ये दिलेली मुदत संपली, 'कनेक्ट एक्सेप्शन: कनेक्शन टाइम्ड आऊट' आलं तर ऑपरेटिंग सिस्टिमने हात टेकले.

आता तो शनिवार. ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये नवीन सर्व्हर उभा केला होता, त्यावर वाइल्डफ्लाय, म्हणजे जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर. सर्व्हरवर लॉगिन करून लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनला, 'कर्ल' कमांड मारली की पान छान येत होतं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये बसलेल्या टेस्टिंगच्या मुलांना मात्र ८०८० वर रिफ्यूज्ड. आमच्याकडून लगेच टिकेट गेलं: फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारा) उघडा. नेटवर्कचा मुलगा बिचारा कॉलवर पुन्हा पुन्हा सांगत होता, "ताई, मी नियम दोनदा बघितला, उघडाच आहे." आम्ही म्हणत होतो, "अरे, सर्व्हरवर चालतंय ना, मग मधेच कुठेतरी अडतंय." असे चार तास गेले. शेवटी वाइल्डफ्लाय सुरू होतानाचा लॉग कोणीतरी शांतपणे वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की एचटीटीपी लिसनर (वेबच्या विनंत्या ऐकणारा भाग) १२७.०.०.१:८०८० वर ऐकतोय.

१२७.०.०.१ म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता. बाहेरून नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर आलेल्या सिनसाठी तिथे कोणीच नव्हतं, म्हणून केर्नलने रिसेट पाठवला. वाइल्डफ्लाय मुळातच असा बसवलेला येतो, आणि ते योग्यच आहे. नवा सर्व्हर कुणाच्या नकळत जगासाठी उघडा राहू नये. 'स्टँडअलोन' नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये 'पब्लिक' आणि 'मॅनेजमेंट' असे दोन इंटरफेस, म्हणजे कुठल्या पत्त्यावर ऐकायचं याच्या नोंदी, असतात. आपल्याला बदलायचा असतो तो पब्लिक. त्याला सर्व्हरचा ठरावीक आयपी द्यावा, किंवा सगळ्या कार्डांवर ऐकायचं असेल तर ०.०.०.०. मॅनेजमेंट कन्सोलचा ९९९० पोर्ट मात्र घाईघाईत ०.०.०.० वर टाकू नका, हे मी हात जोडून सांगते. त्या कन्सोलवरून अख्खा सर्व्हर हलवता येतो.

नेटवर्कचा मुलगा पहिल्या मिनिटापासून बरोबर होता. एररही तेच सांगत होती, आम्ही ती वाचली नाही.

रिफ्यूज्ड आलं की सर्व्हरवर जाऊन 'एसएस' कमांडने ऐकणाऱ्या पोर्टची यादी काढावी आणि दोन गोष्टी बघाव्यात: पोर्ट आहे का, आणि त्याच्या डावीकडे पत्ता कोणता आहे. पोर्ट यादीतच नसेल तर सर्व्हर उठलेला नाही, किंवा दुसऱ्याच पोर्टवर उठला आहे. एका मशीनवर दोन वाइल्डफ्लाय चालवताना आपण पोर्ट ऑफसेट १०० देतो, मग ८०८० चा ८१८० होतो आणि ९९९० चा १००९०. हे विसरलेली माणसं मी दर वर्षी पाहते. सगळं जागेवर असेल तर डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) बघा. नाव अजून जुन्या मशीनकडे बोट दाखवत असेल तर नकार त्या जुन्या मशीनचा असतो.

इथे एक अडचण आहे. दारापर्यंत न पोचताही नकार मिळू शकतो. सोसायटीचा वॉचमन गेटवरच "वर कोणी नाही" म्हणून परत पाठवतो, तसं काही फायरवॉल सर्व्हरच्या वतीने रिसेट पाठवतात. लिनक्सची फायरवॉलडी मात्र बंद पोर्टसाठी सहसा आयसीएमपीतून (नेटवर्कच्या निरोपांच्या वेगळ्या पद्धतीतून) मनाईचा निरोप देते आणि क्लायंटवर 'नो रूट टू होस्ट' असं उमटतं. ते वाचून लोक राउटर तपासत बसतात, खरं तर सर्व्हरवरच एक पोर्ट उघडायचा राहिलेला असतो. उलटही घडतं. विंडोज सर्व्हरची फायरवॉल चालू असेल तर कोणी न ऐकणाऱ्या पोर्टवरही ती गप्प राहते, रिसेट बाहेर जाऊ देत नाही. मग रिफ्यूज्डच्या जागी टाइम्ड आऊट दिसतं.

टाइम्ड आऊटमध्ये नुसता तर्क लढवून भागत नाही, पॅकेट बघावं लागतं. सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावायचा, क्लायंटकडून एकदा प्रयत्न करायला सांगायचं आणि सिन दिसतो का ते पाहायचं. टीसीपीडंप आत येणारं पॅकेट सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलच्या आधी पाहतो, म्हणून ही चाचणी विश्वासाची. सिन दिसलाच नाही तर वाटेत कोणीतरी गिळतंय: मधली फायरवॉल, क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप, व्हीपीएन. तेव्हा नेटवर्ककडे टिकेट खुशाल टाका, सोबत तो डंप जोडा. सिन दिसला पण उत्तर निघालं नाही तर सर्व्हरची फायरवॉल बघा. आणि सिन-ॲक निघतोय पण क्लायंटला मिळत नाहीये, असं असेल तर परतीची वाट बहुधा वेगळी आहे. दोन नेटवर्क कार्डं असलेल्या सर्व्हरवर हे बऱ्याचदा सापडतं: माणूस एका गेटने आत येतो आणि दुसऱ्याने बाहेर पडतो, आणि त्या दुसऱ्या गेटवरच्या फायरवॉलने त्याला आत येताना पाहिलेलंच नसतं. पिंगवर (मशीन जिवंत आहे का ते विचारणाऱ्या कमांडवर) विसंबू नका. पिंग आयसीएमपीवर चालतो, आपला पोर्ट टीसीपीचा आहे. एक चालू आणि दुसरा बंद असं अगदी सर्रास असतं.

टाइम्ड आऊटचं एक रूप मात्र नेटवर्कच्या माथी मारू नये. पूर्ण झालेली कनेक्शनं ॲप्लिकेशन उचलेपर्यंत केर्नलच्या रांगेत थांबतात. ॲप्लिकेशन अडकलं की रांग भरते, आणि भरलेल्या रांगेपुढे लिनक्स नव्या सिनला नकार न देता गप्प बसतो. केर्नल ५.४ च्या आधी या रांगेची वरची मर्यादा मुळात १२८ असायची, नंतर ती ४०९६ झाली. एसएसच्या यादीत ऐकणाऱ्या पोर्टसमोर दोन आकडे असतात. पहिला, रांगेत आत्ता किती आहेत. दुसरा, किती मावतात. पहिला दुसऱ्याला टेकला असेल तर नेटवर्कच्या मुलाला झोपेतून उठवू नका, थ्रेड डंप (ॲप्लिकेशनची कामं आत्ता कुठे अडकली आहेत याची नोंद) घ्या.

रांग भरायच्या आधी याच आजाराचा चेहरा वेगळा असतो. कनेक्शन झटकन जुळतं, कारण हँडशेक (ती सिन-ॲकची देवाणघेवाण) केर्नल करतो, जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन) गोठलेलं असलं तरी. मग रिक्वेस्ट जाते आणि उत्तर येत नाही. जावा तेव्हा 'रीड टाइम्ड आऊट' म्हणते. 'टाइम्ड आऊट' एवढेच शब्द वाचून लोक फायरवॉलकडे धावतात, पण 'कनेक्ट' आहे की 'रीड' हे पाहिलं तर धावायची गरजच उरत नाही. रीड आहे म्हणजे पोर्टपर्यंतची वाट मोकळी आहे. थ्रेड कुठे अडकलेत, डेटाबेसचा कनेक्शन पूल (तयार ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) रिकामा आहे का, कुठली क्वेरी लांबली आहे, हे बघायचं.

आमच्या टीमने आता टिकेटाच्या फॉर्ममध्ये तीन रकाने वाढवले आहेत: एरर जशीच्या तशी, ती यायला लागलेले सेकंद, आणि कुठल्या मशीनवरून कुठल्या आयपी-पोर्टला. परवा घणसोलीहून एक टिकेट आलं, त्यात लिहिलं होतं: "रिफ्यूज्ड, लगेच, ठाण्याच्या टेस्ट मशीनवरून, पोर्ट ८०८०." फोन न करताच मी एसएस लावलं. सर्व्हर ८१८० वर ऐकत होता.