११०० की २५००?

भाच्यानं सीताबर्डीतून जुना कॉम्प्युटर आणला. दुकानदार म्हणाला होता, "ॲथलॉन आहे, अडीच हजारवाला." ॲथलॉन म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर, आणि अडीच हजार हा भाच्याला वेग वाटला. घरी कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर वेग ११०० मेगाहर्ट्झ. "मामा, चुना लावला न् त्यानं!"

मला आधी दिसली ती तारीख. ती वीसेक वर्षं मागे गेली होती, म्हणजे मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपलेली. तिच्यासोबत बोर्डाची स्मरणशक्तीही जाते. मग बिचारा सगळं सावधपणे, कमी वेगानं सुरू करतो.

प्रोसेसरचा वेग हा दोन आकड्यांचा गुणाकार असतो. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर मूळ लय मदरबोर्ड धरतो. ती बसची लय; बस म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातला माहितीचा रस्ता. प्रोसेसर त्या लयीच्या ठरावीक पटीत वाजतो. आमच्या चिपची पट ११. लय १०० वर अडकली, म्हणून ११००. खरी लय किती, हे मात्र पडद्यावरून कळत नाही. सीपीयू-झेडसारखा प्रोग्रामही बसचा आत्ताचा वेग दाखवतो, चिप कशासाठी बनली ते नाही. ते चिपवरच लिहिलेलं असतं.

प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, काढला. (इथं घाई नको. या ॲथलॉनवर धातूचं झाकण नसतं, मधला काचेसारखा चौकोन उघडाच असतो. स्क्रूड्रायव्हर सटकला की कोपरा उडालाच.) शेजारच्या पट्टीवर अक्षरांची लांबलचक ओळ होती. मधोमध २५००, शेवटी 'डी'. हे शेवटचं अक्षर बसचं: सी म्हणजे २६६, डी म्हणजे ३३३, ई म्हणजे ४००.

पण ३३३ ही लय नव्हे. ही बस दुगुनीत चालते, एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते. मूळ लय १६६ (नेमकी १६६.६७). इंटेलच्या पेंटियम ४ मध्ये हीच गोष्ट चौगुनीत असते, म्हणून तिथली ५३३ ची बस मुळात १३३ ची. त्यांच्या झाकणावर २.४०/५१२/५३३ असं सरळच छापलेलं असतं: वेग गिगाहर्ट्झमध्ये, कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) किलोबाइटमध्ये आणि बस. वाचायला इंटेल सोपा, हे मान्य करायला हवं.

नवी बॅटरी, हीटसिंकखाली नवी थर्मल पेस्ट, बस १६६. पडद्यावर १८३३.

"अजून सहाशे-सातशे कमीच आहेत की!"

ते कमी नाहीतच. नावात २५०० पुढे एक अधिकचं चिन्ह असतं, आणि तो आकडा मेगाहर्ट्झचा नाही. एएमडीच्या चिप प्रत्येक ठोक्याला पेंटियम ४ पेक्षा जास्त काम करायच्या, पण गिऱ्हाईक मेगाहर्ट्झच मोजायचं. म्हणून कंपनीनं कामगिरीचा अंदाज सांगणारा आकडाच नावात घातला. २००३ च्या या चिपचा (सांकेतिक नाव बार्टन) खरा वेग १८३३च. दुकानदारानं फक्त ते अधिकचं चिन्ह गाळलं होतं.