विडकमचं ग्रॅनाइटचं चर्च आणि ते तीन ससे : थोडी पार्श्वभूमी
इंग्लंडच्या डेव्हनमध्ये डार्टमूरच्या माळावर विडकम-इन-द-मूर नावाचं गाव आहे, गाव एवढंसं आणि चर्च एवढं दांडगं की त्याला माळावरचं कॅथेड्रलच म्हणतात. इमारत मुख्यतः चौदाव्या शतकातली, पण चर्च इथे आधीपासून होतंच, कारण १२६० मध्ये तिथल्या बिशपने लांबच्या काही वाड्यांना लिडफर्डच्या दूरच्या चर्चऐवजी इथे यायची मुभा दिली, त्याआधी मयतसुद्धा माळ तुडवत लिडफर्डला न्यायला लागायचं.

ग्रॅनाइट खाणीतून नाही काढला, माळावर उघडे पडलेले धोंडेच फोडून वापरले. हा दगड छिन्नीला दाद देत नाही त्यामुळे भिंती साध्या, आणि नाजूक कोरीवकाम सगळं लाकडात. साधारण १२० फुटी टॉवर मागाहून आला, कथलाच्या खाणकामगारांच्या पैशातून असं सांगतात.

आणि या खाणकामगारांवरूनच सशांचा घोळ सुरू होतो. छताच्या लाकडी फासळ्या जिथे जुळतात तिथे एका बॉसवर, म्हणजे सांधा झाकणाऱ्या लाकडी गोळ्यावर, गोल फिरणारे तीन ससे कोरलेत, तिघांत मिळून कान तीनच, तरी प्रत्येकाला दोन दिसतात. याला ‘टिनर्स रॅबिट्स’ म्हणजे कथील काढणाऱ्यांचे ससे म्हणतात, खाणकामगारांची निशाणी म्हणून. पण मध्ययुगातला एकही पुरावा तसं सांगत नाही! हेच ससे डेव्हनमधल्या डझनाहून जास्त चर्चेसमध्ये आहेत, जर्मनीत पाडरबोर्नच्या कॅथेड्रलच्या खिडकीत आहेत, आणि सगळ्यात जुने चीनमध्ये दुनह्वांगच्या गुहांत, सुमारे सहाव्या-सातव्या शतकातले. आता तिथे कुठले आले डार्टमूरचे खाणकामगार? एवढा लांबचा प्रवास केलेली खूण एका धंद्याच्या नावावर चढवणं मला तरी अन्यायच वाटतो, आणि गाइड लोक अजून तेच सांगतात.

पुढचं बरंच माहीत असतं लोकांना. २१ ऑक्टोबर १६३८, रविवार, दुपारची प्रार्थना चालू असताना वादळ आलं, वीज पडली, टॉवरचा कळस छत फोडून आत आला, चार जण गेले आणि साठेक जखमी झाले. गावाने ते सैतानावर घातलं, आता लोक बॉल लाइटनिंग, म्हणजे गोळ्यासारखी वीज, म्हणतात. गावच्या मास्तरने यावर पद्य रचलं, ते फळ्यांवर लिहून चर्चमध्ये लावलंय, सध्याचे फळे १७८६ चे.

शेजारचं चर्च हाउसही सोळाव्या शतकातलं ग्रॅनाइटचंच. आधी सणासमारंभाची जागा होती, मग गरिबांचं घर, मग शाळा, आता ते वारसा जपणाऱ्या एका संस्थेकडे आहे.

पण सगळ्यात दुर्लक्षित काय असेल तर वेदीपुढचा लाकडी पडदा. रिफॉर्मेशननंतर, म्हणजे सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर, असे पडदे गावोगाव तोडले, इथे वरचा भाग गेला पण खालच्या पट्टीवर रंगवलेली तीसेक संत-मंडळी वाचली. तो खात्रीने मध्ययुगातला आहे, याच चर्चसाठी बनलेला आहे, आणि येणारे लोक मात्र त्याच्यासमोर उभं राहून ससे कुठे आहेत ते विचारतात.