जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे चाकांवरचं सोनं?

'जुनी स्पोर्ट्स कार घेऊन झाकून ठेवा, तिची किंमत कधीच उतरत नाही.' हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण सोबत फोटो असतो फेरारी २५० जीटीओचा, आणि तिची किंमत खरोखरच डोळे पांढरे करणारी आहे.

पण त्याच गाडीच्या इतिहासाचं मधलं पान पाहा. १९८९ साली बाजार तापला असताना एक जीटीओ एक कोटी डॉलरच्या बरीच वर गेली. मग तेजीचा फुगा फुटला आणि १९९४च्या अखेरीस तीच गाडी सुमारे ३५ लाख डॉलरला विकली गेली. पुढे भाव पुन्हा चढले, हे खरं. पण मधल्या काळात ज्याला विकावी लागली त्याचं काय?

शिवाय जीटीओ बनल्या जेमतेम ३६, म्हणजे ती दुर्मीळ. सगळ्याच जुन्या गाड्या तशा नसतात: जॅग्वार ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार बनली सत्तर हजारांहून जास्त. १९६१ साली ती साधारण २,१०० पौंडांना मिळे. महागाई धरली तर आजचे अंदाजे पन्नास हजार पौंड. म्हणजे आजची किंमत थेट २,१०० शी ताडून 'इतके पट' म्हणणं फसवं. त्यात गॅरेज, विमा, गंजलेला पत्रा, इंजिनाचं काम हे कोणी मोजतच नाही!

पडताळायचं असेल तर लिलावांचे जुने निकाल इंटरनेटवर मिळतात. शोधताना मॉडेलचं नाव नको, चॅसी नंबर (प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावरचा स्वतंत्र क्रमांक) टाका. एकच गाडी दोनदा विकलेली सापडली, की मधल्या वर्षांची महागाई आणि लिलावाचं कमिशन वजा करून बघा.