अंगाला जाणवलेलं आकड्यात सांगणारी माणसं

खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात उभं राहिलं की पाण्यापलीकडे एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, आवार दिसतं. १९६६ साली तिथे राकेश शर्मा नावाचा मुलगा दाखल झाला आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये सोयूझ टी-११ मधून अंतराळात गेला. पुढे अंतराळ स्थानकावर जाऊन आलेले शुभांशु शुक्ला २००५ मध्ये तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडले. गगनयानासाठी, म्हणजे माणसाला अंतराळात नेणाऱ्या भारताच्या स्वतःच्या यानासाठी, निवडलेले चौघेही, म्हणजे प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला, याच प्रबोधिनीचे विद्यार्थी. पुणेकर म्हणून ऊर भरून येतोच. पण त्यांच्यात आणखी एक साम्य आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं: ही सगळी माणसं टेस्ट पायलट, म्हणजे चाचणी वैमानिक आहेत.

लोहगाववरून सुखोई उडालं की विमाननगरातल्या खिडक्या थरथरतात. त्यातला वैमानिक जे विमान चालवतो, त्याच्या सवयी आधीच कुणीतरी शोधून लिहून ठेवलेल्या असतात. कोणत्या वेगाखाली ते कोसळू लागेल, गिरकीत सापडलं तर बाहेर कसं काढायचं, हे सगळं. ते शोधणारा तो चाचणी वैमानिक. आपल्याकडे हवाई दलाचं हे प्रशिक्षण बंगळुरूला होतं. लोकांना वाटतं, हे काम बेधडक माणसाचं. प्रत्यक्षात ते फार चिवट आणि सावकाश आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: वेग थोडासा वाढवायचा, विमानाचा प्रतिसाद पाहायचा, खाली उतरून आकडे तपासायचे, मगच पुढची पायरी.

त्यातला सगळ्यात अवघड भाग बोलण्याचा. ‘विमान जरा जड वाटलं’ या वाक्याचा अभियंत्याला काडीचा उपयोग नाही. म्हणून १९६९ मध्ये जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर यांनी १ ते १० अशी एक मोजपट्टी पक्की केली. १ म्हणजे उत्तम, १० म्हणजे विमान ताब्यातच राहत नाही. नेमून दिलेलं काम करताना आपल्याला किती धडपड करावी लागली, याची प्रामाणिक उत्तरं देत वैमानिक त्या आकड्यापर्यंत पोहोचतो. स्वतःच्या कौशल्याचा अभिमान इथे आड येतो. विमानाचा दोष आपण हातोटीनं झाकला, हे ओळखून तसं सांगावं लागतं. शुक्लांच्या खात्यात सुमारे २,००० तासांचं उड्डाण आहे, तेही सुखोई-३०, मिग-२१, मिग-२९, जग्वारपासून डॉर्नियर आणि मालवाहू एएन-३२ पर्यंत. इतकी निरनिराळी विमानं हाताळली की आपली सवय कुठली आणि यंत्राची खोड कुठली, हे वेगळं करता येतं.

अंतराळात याचा उपयोग किती, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण १६ मार्च १९६६ चं आहे. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट या अमेरिकी चाचणी वैमानिकांनी जेमिनी-८ हे यान अजेना नावाच्या मानवरहित यानाला जोडलं. कक्षेत दोन यानं जोडण्याची ही जगातली पहिलीच वेळ. थोड्याच वेळात जोडगोळी फिरू लागली. संशय अजेनावर होता, म्हणून त्यांनी जेमिनी सोडवून घेतलं. फिरणं थांबायच्या ऐवजी भयंकर वाढलं, सेकंदाला जवळजवळ एक गिरकी!

बागेतलं फिरतं चक्र आठवा. मुलांनी खच्चून भरलेलं असलं की ढकलताना दमछाक होते. मुलं उतरली की तेवढ्याच जोरात ते भणाणतं. इथे तेच झालं. जेमिनीचा स्वतःचाच एक छोटा थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारं छोटं इंजिन, अडकून सतत पेटत होता. अजेनाचं वस्तुमान बाजूला झालं आणि त्याच रेट्यानं हलकं झालेलं यान कितीतरी जोरात फिरू लागलं. दोघांची नजर धूसर व्हायला लागली होती. आर्मस्ट्राँगनी नेहमीची थ्रस्टर यंत्रणा बंद केली, परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेले वेगळे थ्रस्टर वापरले आणि गिरकी मोडली. मग मूळ थ्रस्टर एकेक करून चालू केले आणि दोषी सापडला: आठव्या क्रमांकाचा. एका वेळी एकच गोष्ट! राखीव थ्रस्टर वापरले की मोहीम थांबवायची असा नियम होता, त्यामुळे त्याच दिवशी दोघे पॅसिफिकमध्ये उतरले.

आजचं स्पेसएक्सचं ड्रॅगन यान स्वतःहून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलं जातं. २५ जून २०२५ रोजी निघालेल्या खासगी अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेवर शुक्ला त्याचे वैमानिक होते, आणि त्यांचं काम मुख्यतः यानावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्याचं, गरज पडली तरच हात घालण्याचं होतं. गगनयानाचं तसं नाही. ते नवं यान आहे, माणूस घेऊन ते एकदाही गेलेलं नाही. आत बसल्यावर ते कसं वागतं, हे सांगणारं पहिलं तोंड या चौघांपैकीच कुणाचं तरी असणार. म्हणूनच शुक्लांच्या १८ दिवसांच्या स्थानकमुक्कामाला मी मोल देतो. तिथे त्यांनी मूग-मेथीला मोड आणले, स्नायूंच्या पेशींवर प्रयोग केले. पण निरीक्षणाचं आणखी एक यंत्र त्यांच्यासोबत वर गेलं होतं, ते म्हणजे त्यांचं शरीर.

स्थानकात पोहोचल्यावर डोकं थोडं जड वाटतंय, असं त्यांनी सांगितलं होतं. जमिनीवर पायांकडे ओढलं जाणारं रक्त आणि इतर द्रव वजनरहित अवस्थेत वर सरकतात. चेहरा सुजतो, डोकं भरल्यासारखं होतं. कानाच्या आत बारीक खड्यांसारखे कण असतात, ते एरवी ‘खाली’ कुठे ते मेंदूला सांगतात. तिथे तेही गप्प होतात. काही दिवसांत मेंदू नवा हिशेब शिकतो.

आणि परतल्यावर तो लगेच विसरत नाही. १५ जुलैला पृथ्वीवर उतरल्यानंतर शुक्लांनी फोटो काढायला फोन हातात घेतला, तर तो भलताच जड लागला. पलंगावर काम करताना त्यांनी लॅपटॉप बाजूला हवेत सोडून दिला, तरंगत राहील या भरवशावर. खाली गालिचा होता म्हणून लॅपटॉप वाचला.