मुंबईत दुकानाच्या पाणीबिलावर गटाराचे पैसे का येतात: थोडी पार्श्वभूमी

मुंबईत स्वतःचा गाळा असेल तर पाण्याचे पैसे दोन ठिकाणी जातात. एक मीटरचं पाणीबिल, त्यात जलआकार आणि मलनिःसारण आकार, म्हणजे गटाराचे पैसे. दुसरं मालमत्ता कराचं बिल, त्यात जल लाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं एकाच गोष्टीचे पैसे दोनदा घेतायत. तसं अगदी नाहीये, पण ते का नाहीये हे बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून हे लिहितोय.

फार मागे जात नाही. 1860 ला विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, मग तुळशी, मग 1892 ला तानसा. पाणी आत आलं पण बाहेर जायची सोय मागेच राहिली. कित्येक वर्षं मैला माणसं वाहून न्यायची, त्यांना हलालखोर म्हणायचे आणि 1888 च्या महापालिका कायद्यात मालमत्तेवरच्या करांच्या यादीत चक्क 'हलालखोर कर' असं नाव होतं. आज मलनिःसारण कर म्हणतात तो याच कराचा वारस. नाव बदललं हे बरंच झालं, पण ज्यांनी डोक्यावरून ते काम केलं त्यांची आठवणही नावासोबत गेली, याचं मला वाईट वाटतं.

आताच्या बिलाचा खरा साचा 1970 च्या दशकातला आहे. वैतरणा आणि भातसाची कामं मोठी होती, 100-100 किलोमीटरवरून पाणी आणायचं म्हणजे पैसा लागणार, तो बाहेरून कर्जाने आला आणि कर्ज देणाऱ्यांचा आग्रह होता की पाणी आणि मलनिःसारणाचा हिशेब बाकी कारभारापासून वेगळा ठेवा, ज्याचा खर्च त्याने भरावा. म्हणून महापालिकेच्या बजेटमध्ये आजही पाणी आणि मलनिःसारण यांचं खातं वेगळं असतं, 'अर्थसंकल्प ग' म्हणतात त्याला. पावसाचे नाले त्यात येत नाहीत बरं का. जुलैमध्ये दुकानात पाणी शिरलं की लोक म्हणतात ड्रेनेजचे एवढे पैसे भरतो मग हे काय, पण तो मलनिःसारण आकार सांडपाण्याच्या लाइनचा आहे, पावसाच्या पाण्याची लाइन मुंबईत वेगळी आणि तिचा खर्चही वेगळ्या खिशातून होतो.

आता मुख्य गुंता, 'कर', 'लाभ कर' आणि 'आकार'. तिन्ही शब्द लोक सरसकट 'पाणीपट्टी' म्हणून वापरतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

कायद्याप्रमाणे जलकर हा मालमत्तेच्या किमतीच्या टक्क्याने लागतो, पाणी किती वापरलं याचा त्याच्याशी संबंध नाही. पण मीटर असेल तर त्या कराच्या *ऐवजी* मोजून पैसे घेता येतात आणि त्यालाच आकार म्हणायचं. म्हणजे कर आणि आकार हे एकमेकांच्या बदल्यात आहेत, एकाच गाळ्याला एकाच पाण्यासाठी दोन्ही लागायला नकोत. मलनिःसारण कर आणि मलनिःसारण आकाराचंही तसंच. बिल हातात आलं की आधी हेच बघा, मीटर असूनही मालमत्ता कराच्या बिलात नुसता 'जलकर' लागलाय का, लागला असेल तर विचारायचा हक्क आहे.

लाभ कर मात्र वेगळा. तो मुख्यतः भांडवली कामांसाठी आहे, म्हणजे धरण, मोठ्या जलवाहिन्या, पंपिंग स्टेशन, प्रक्रिया केंद्र असल्या गोष्टींसाठी. मीटर बसवला म्हणून तो जात नाही आणि तुम्ही महिनाभर नळ उघडला नाही तरी तो लागतो. 'लाभ' हा शब्दच फसवा आहे, लोकांना वाटतं मी लाभ घेतला तरच भरायचा, पण कायद्याला अभिप्रेत लाभ हा की शहरात ही व्यवस्था उभी आहे. 2010 पासून मालमत्ता कर भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर गेला तेव्हा लाभ करही त्याच्याबरोबर गेला, म्हणजे गाळ्याची किंमत वाढली की पाण्याच्या नावाचा हा करही वाढतो. 2019 ला 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कराची माफी जाहीर झाली तेव्हा आधी त्यातला फक्त सर्वसाधारण कर माफ झाला आणि लाभ कर वगैरे बिलात तसेच राहिले, तेव्हा कुठे बऱ्याच लोकांना हे नाव पहिल्यांदा दिसलं. पुढे 2022 ला घरांना पूर्ण माफी मिळाली. दुकानांचा त्यात कधीच विचार नव्हता.

आता वादाचा मुद्दा, ज्यावर माझं मत ठाम आहे. मलनिःसारण आकार वेगळा मोजला जात नाही, तो जलआकाराच्या 70 टक्के असतो. सांडपाण्याला मीटर लावणं अवघड आहे हे मान्य, पण असं ठरवल्यामुळे पाण्याचा दर वाढला की गटाराचा दर आपोआप वाढतो, त्यासाठी वेगळं कारण द्यावं लागत नाही. आणि धंद्याच्या जोडणीचा पाण्याचा दर मुळातच घराच्या कितीतरी पट आहे. 2022 च्या दरांत इमारतीतल्या घराला 1,000 लिटरला साधारण सहा-साडेसहा रुपये, तिथे व्यावसायिक जोडणीला 50 च्या आसपास, तारांकित हॉटेलला त्याच्या दुप्पट. आता महिन्याला 30,000 लिटर वापरणारं छोटं उपाहारगृह घ्या, 50 रुपयांनी 1,500 आणि त्यावर 70 टक्के म्हणजे 1,050, एकूण 2,550. त्याच्या मोरीतून जाणारं 1,000 लिटर सांडपाणी वरच्या मजल्यावरच्या घरातल्या 1,000 लिटरपेक्षा सात-आठ पट महाग कसं? पाण्याच्या दरात गरिबाला सवलत देण्यासाठी धंद्यावर भार टाकणं मी समजू शकतो, ते योग्यही आहे, पण तोच भार गटाराच्या नावाखाली पुन्हा घेणं मला पटत नाही. आणि बर्फाचा कारखाना किंवा सरबत बनवणारा, ज्याचं बरंचसं पाणी मालातून बाहेर जातं, त्याच्यासाठी तर 70 टक्क्यांचा हिशेब फारच ढोबळ आहे. उलट बाजूही सांगायला हवी, हॉटेलच्या सांडपाण्यात तेलाचा चिकटा जास्त असतो आणि लाइन तुंबायला तो कारण ठरतो, पण मग तसं म्हणून तसा दर लावा ना.

दरवाढीचं म्हणाल तर 2012 ला ठरलं की दरवर्षी जास्तीत जास्त 8 टक्क्यांपर्यंत दर वाढवता येईल. 2022 ला 7.12 टक्के वाढ झाली, 16 जूनपासून लागू. 2023 ला मात्र वाढ थांबवली गेली.

कर्जाच्या पैशातून वरळी आणि वांद्र्याला सांडपाणी समुद्रात तीन किलोमीटरहून जास्त आत सोडायच्या वाहिन्या झाल्या, पण ते पाणी आधी नीट शुद्ध होत नव्हतं. आता वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशी सात नवी प्रक्रिया केंद्रं होतायत, मिळून दिवसाला 2,464 दशलक्ष लिटरची. हे भांडवली काम आहे म्हणजे कायद्याच्या भाषेत थेट लाभ कराचा विषय, पण ती केंद्रं चालवायची वीज, माणसं, केमिकल हा रोजचा खर्च आकारातूनच काढायचा म्हटला तर तो 70 टक्क्यांत बसवणार की टक्का वाढवणार, हे दुकानदारांनी आत्तापासून विचारायला हवं. भाड्याच्या गाळ्यात असाल तर करारात नुसतं 'पाणीपट्टी भाडेकरूची' असं लिहू नका. आकार कोणाचा आणि लाभ कर कोणाचा हे दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्या.