उन्हाशिवाय ऊब: युरोपाचा समुद्र

गुरूच्या युरोपा या चंद्रावर समुद्र आहे म्हटलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तिथे ऊन पोचत नाही, मग पाणी गोठत कसं नाही?" प्रश्न रास्त आहे. युरोपा आपल्या चंद्रापेक्षा जरा लहान. त्याच्या विषुववृत्तावरही तापमान उणे १६० अंशांच्या आसपास. तरी त्या बर्फाखाली खारं पाणी असल्याचे भक्कम पुरावे आहेत.

मुलांनो, ऐरोलीला ओहोटीच्या वेळी खाडीचा चिखल उघडा पडतो, फ्लेमिंगो त्यात चोच बुडवून चरतात. सहा तासांनी तिथेच पाणी खारफुटीच्या मुळांवर चढलेलं असतं. ही चंद्राची करणी. त्याची ओढ जवळच्या बाजूला जास्त, लांबच्या बाजूला कमी, म्हणून पृथ्वी किंचित ताणली जाते.

आता ओढणारा गुरू आहे असं समजा, पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा. युरोपाला दोन्ही बाजूंनी फुगवटा येतो. पण नुसत्या फुगवट्याने काही तापत नाही. युरोपाची एकच बाजू कायम गुरूकडे असते. कक्षा अगदी गोल असती तर फुगवटा होता तेवढाच राहिला असता. ती जराशी लंबगोल आहे. साडेतीन दिवसांच्या प्रत्येक फेरीत युरोपा थोडा जवळ येतो, थोडा लांब जातो. फुगवटा वाढतो, उतरतो. जाड तार पुन्हा पुन्हा वाकवा, वाकते तिथे बोटाला गरम लागते. ऊब येते ती अशी.

असं तापत राहिलं की कक्षा हळूहळू गोल होत जाते. मग अब्जावधी वर्षांत ती गोल का झाली नाही? मला सगळ्यात आवडतं ते हे उत्तर. आयो आणि गॅनिमीड हे गुरूचेच आणखी दोन चंद्र. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. त्यामुळे आयो युरोपाला दरवेळी कक्षेच्या त्याच टप्प्यावर गाठतो, गॅनिमीडही तसाच. एकाच जागी बसणारे हे हिसके कक्षेला गोल होऊच देत नाहीत.

अंतर दुप्पट झालं की भरती आणणारी ओढ एक अष्टमांश उरते, कारण ती अंतराच्या घनाने घटते. पृथ्वीपर्यंत गुरूची अशी ओढ नगण्य होते. 'गुरुबळ नाही' म्हणून मुलामुलींची लग्नं अडवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

नासाचं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं. २०३० मध्ये ते गुरूपाशी पोचेल आणि युरोपाजवळून ४९ वेळा जाईल. व्हिडिओंमध्ये सांगतात तसं ते परग्रहवासी शोधायला गेलेलं नाही. युरोपा किती फुगतो, हे त्याला तपासायचं आहे: खाली समुद्र असेल तर सुमारे ३० मीटर, तळापर्यंत सगळं गोठलेलं असेल तर जेमतेम एक मीटर.